होडीवरचे संथ जगणे आणि तिच्याभोवतीचा समुद्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर ते मे या महिन्यांत आम्ही दोघे आठवड्यातले चार-पाच दिवस मुंबई बंदरात बोयाला, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेल्या एका तीस फुटी शिडाच्या होडीवर राहतो, आणि उरलेले दिवस व संपूर्ण पावसाळा माझगावच्या घरी काढतो. नातेवाईक, सोसायटीतील शेजारी आणि गेटवेच्या पायऱ्यांवर भेटणारे अनोळखी लोक गेली काही वर्षे जवळपास तेच प्रश्न विचारत आले आहेत. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. काही प्रश्नांना दोन वाक्ये पुरतात.

संथ जगणे म्हणजे कायमची सुट्टीच नव्हे का?

नव्हे. सुट्टीत कामे टाळता येतात, होडीवर ती टाळली तर होडीत पाणी शिरते. आमची होडी बऱ्या वाऱ्यात चार नॉट, म्हणजे ताशी साधारण साडेसात किलोमीटर वेगाने चालते. सकाळी मरीन ड्राइव्हवर धावणारी माणसे तिच्या पुढे जातील. गेटवेहून मांडव्याला लाँच जेवढ्या वेळात पोहोचते, त्याच्या दुप्पट वेळ आम्हाला लागतो आणि वारा पडला तर तिप्पट. पण संथपणा केवळ या वेगात नाही. केव्हा निघायचे, केव्हा परतायचे, भांडी केव्हा घासायची आणि झोपायचे केव्हा, हे ठरवण्याचा अधिकार पाण्याकडे जातो, आणि त्याची कुरकुर थांबायला एक-दोन हंगाम जावे लागतात.

या जगण्याची एक किंमतही आहे. चालती होडी स्वच्छ राहते, उभी होडी मात्र समुद्राला खडकासारखीच वाटते आणि तो तिच्यावर वस्ती करू लागतो. तुम्ही जितके संथ व्हाल तितके तिच्या तळाला भाडेकरू अधिक. आमच्या होडीची देखभाल करणारे कुलाब्याचे वयस्कर तांडेलकाका पहिल्याच वर्षी म्हणाले होते, “वहिनी, उभ्या होरीला दाढी येते.” पुढची कितीतरी उत्तरे या दाढीपाशीच येऊन थांबतील.

भरती-ओहोटीची वेळ रोज बदलते. मग दिवसाचा आराखडा कसा आखता?

भरतीची छापील कोष्टके मिळतात, मोबाइलवरही मिळतात. परंतु आम्ही अजूनही कालनिर्णय आधी पाहतो. कोकण किनाऱ्यावर चालत आलेला हिशेब असा आहे की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, आकडा तोच. ही वेळ पाऊण-एक तास इकडेतिकडे होते, म्हणून जहाजाच्या वाटेवर जाताना तिच्यावर विसंबू नये. पण चहाचा कप हातात धरून दिवसाची कल्पना करण्यास ती पुरेशी आहे. दुसरी भरती त्यानंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, त्यामुळे दररोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

याचा परिणाम एकदा लक्षात आला की मुंबईचा समुद्र वाचता येऊ लागतो. उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची, भरती येथे नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते आणि त्या दिवसांत पहाटे व संध्याकाळी खडक उघडे पडतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमारास, पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही. उधाणाला पाण्याची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते. पावसाळ्यात महापालिका ज्या भरतीचे इशारे देते ती हीच. अशा दिवशी बंदरातल्या प्रवाहाचा वेग दोन नॉटांच्या पुढे जातो. चार नॉटांची होडी त्याच्याविरुद्ध नेली तर जमिनीच्या हिशेबाने आपण दोन नॉटांनी, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाइतके पुढे सरकतो. म्हणून आम्ही ओहोटीबरोबर बाहेर पडतो आणि भरतीबरोबर परततो, आणि कोणी “रविवारी सकाळी नऊला निघू या का?” असे विचारले की उत्तर देण्याआधी तिथी विचारतो.

आणि वारा नसेल तर?

तर थांबतो. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारे वाहतात, दहा-अकराच्या सुमारास ते पडतात, मग तासभर पाणी तेलासारखे पडून राहते आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. या मधल्या तासात शीड नुसते फडफडते, कपड्यांतून घाम वाहतो आणि इंजिन सुरू करण्याचा मोह अनावर होतो. याच पाण्यात १६७९ साली खांदेरी बेटासाठी मराठे आणि इंग्रज झुंजले, तेव्हा वारा पडला की इंग्रजांची खोल तळाची जहाजे जागच्या जागी अडकत आणि मराठ्यांच्या उथळ होड्या रात्री वल्ही मारत त्यांच्या बाजूने बेटावर रसद पोहोचवत. खांदेरीवरून जाताना आमच्याकडे शीड आहे, इंजिन आहे आणि वल्ही फक्त डिंगीची, म्हणजे सोबतच्या छोट्या नावेची, आहेत, याची मला दर वेळी थोडी लाज वाटते.

बंदरातले पाणी इतके गढूळ का? ती सगळी घाण समजायची का?

सगळी नाही, आणि हा फरक समजून घेणे आवश्यक आहे. उल्हास नदी, ठाण्याची खाडी आणि पनवेलची खाडी या सगळ्यांचा गाळ या उथळ बंदरात येतो आणि दिवसातून चार वेळा दिशा बदलणारा प्रवाह तो तळाशी बसूच देत नाही. कोकणात मालवणकडे जे पाणी हिरवे-निळे दिसते तसे येथे शहर नसते तरी दिसले नसते. हा गाळच बोंबील, कोळंबी, जवळा आणि खाडीतल्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांच्या पोटापाण्याचा आधार आहे. शिवडीच्या चिखलावर रोहित पक्षी उगाच येत नाहीत. त्या चिखलातल्या सूक्ष्म शैवालावर आणि किड्यांवर त्यांचा हिवाळा चालतो. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तो याच गढूळ पाण्याच्या जोरावर.

घाण मात्र आहेच. शहराच्या सांडपाण्याचा मोठा भाग समुद्रात येतो, प्लास्टिक तर ओहोटीच्या रेषेवर रांगेने वाहते, आणि तेलाचा तवंग अधूनमधून दिसतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली तेव्हा सुमारे ८०० टन तेल सांडले आणि कांदळवनांच्या मुळांना काळा थर बसला. तिवराची श्वसनमुळे चिखलातून बोटांसारखी वर येतात आणि त्यांच्यावरील सूक्ष्म छिद्रांतून झाड श्वास घेते. तेल बसले की ही छिद्रे बुजतात. म्हणून आम्ही बंदराच्या आत पोहत नाही, भांड्यांना बंदराचे पाणी लावत नाही, आणि तरीही कोणी या पाण्याला गटार म्हटले की वाद घालतो.

होडीच्या तळाला नेमके काय चिकटते?

होडी पाण्यात उतरवल्यावर पहिल्याच दिवसांत तळावर जिवाणूंचा आणि सूक्ष्म शैवालाचा बुळबुळीत थर तयार होतो. हात फिरवला तर तो केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा लागतो. या थरावर बार्नॅकलची, म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी प्राण्याची, अळी येते. ती आपल्या पुढच्या स्पर्शिकांवर अक्षरशः चालत जागा पारखते, शेजारी आपल्याच जातीचे कोणी आहे का ते पाहते, कारण पुढे संसार त्याच अंतरावर करायचा असतो, आणि एकदा पसंती झाली की डोके खाली टेकवून स्वतःला कायमचे चिकटवून घेते. मग भोवती चुन्याच्या तटबंदीचा शंकू उभा राहतो. पुढचे सगळे आयुष्य हा प्राणी डोक्यावर उभा राहून, पिसांसारखे पाय बाहेर काढून, पाण्यातले कण पायांनी ओढून खातो. भांगाच्या शांत दुपारी डिंगीतून वाकून पाहिले तर पाण्याच्या रेषेलगत हे पाय एका लयीत उघडताना-मिटताना दिसतात, जणू शेकडो छोटे पंजे हवा मागत आहेत. हे दृश्य मी तासन्‌तास पाहू शकते. त्यानंतर पंधरा दिवसांनी तेच बार्नॅकल मला पत्र्याच्या खरवडणीने काढून टाकायचे असतात.

बार्नॅकलच्या पाठोपाठ हिरवे शैवाल, नळीत राहणारे कृमी, छोटी कालवे आणि शिणाणे येतात आणि त्यांच्या फटींतून बोटाच्या पेराएवढे खेकडे राहू लागतात. मुंबई बंदरात एक पाहुणा मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरचाही आहे: काळ्या पट्ट्यांचा लहानसा शिंपला, जो १९६७ साली विशाखापट्टणम बंदरात आढळला आणि पुढे मुंबईतही आला. असे जीव जहाजांच्या तळाला चिकटून किंवा त्यांच्या पोटात तोल राखण्यासाठी भरलेल्या बॅलास्ट पाण्यातून प्रवास करतात. म्हणूनच २०१७ मध्ये बॅलास्ट पाण्यावर आंतरराष्ट्रीय करार लागू झाला. आमच्यासारख्या छोट्या होड्याही यात निर्दोष नाहीत. एका खाडीतून दुसऱ्या खाडीत जाण्यापूर्वी तळ साफ करणे हे त्यामुळे वेगाइतकेच शेजारधर्माचेही काम आहे.

लाकडी होडी असेल तर काळजी आणखी वेगळी. लाकूड पोखरणारा तेरेडो दिसायला किडा असला तरी तो शिंपल्यांच्या कुळातला आहे. त्याच्या डोक्याशी उरलेली दोन छोटी शिंपली तो किसणीसारखी वापरतो. बाहेरून भोक टाचणीच्या टोकाएवढे दिसते आणि आतून फळी जाळीदार झालेली असते. जुनी गलबते यासाठी तळाला चुना आणि चरबी यांचा लेप लावत.

मग विषारी रंग लावून हे सगळे थांबवता येत नाही का?

काही काळ थांबवता येते. दुकानात ज्याला अँटिफाउलिंग म्हणतात तो रंग तांबे हळूहळू पाण्यात सोडतो आणि अळ्यांना तेथे बसवत नाही. यापूर्वी यात कथिलाचे टीबीटी नावाचे संयुग वापरत असत. ते इतके प्रभावी होते की बंदरांतल्या समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नरांची इंद्रिये येऊ लागली आणि त्यांचे प्रजनन थांबले; सप्टेंबर २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने ते बंद झाले. तांबेही निरुपद्रवी नाही. आम्ही म्हणून कडक तांब्याच्या रंगाऐवजी सौम्य रंग लावतो आणि उरलेले काम दर तीन-चार आठवड्यांनी मऊ ब्रशने करतो. हा निर्णय स्वस्त नाही, सोयीचाही नाही. एका विक्रेत्याने आम्हाला पहिल्या वर्षी गोड्या पाण्यासाठीचा रंग समुद्राचा म्हणून विकला होता. त्या हंगामात आमच्या तळाशी जेवढी लोकसंख्या होती तेवढी आमच्या इमारतीत नाही.

रात्री तळातून तडतड आवाज येतो म्हणे. होडी फुटते आहे का?

पहिल्या रात्री मलाही तेच वाटले होते. दिवे मालवले, वर येऊन पाहिले, सगळे शांत. पुन्हा आत येऊन उशीवर कान टेकला की कढईत पापड तळल्यासारखा तडतडाट. मी तळाच्या फळ्या उचलून पाणी शिरले आहे का ते तीन वेळा पाहिले. हा आवाज टिचकी मारणाऱ्या कोळंबीचा असतो. तिचा एक पंजा दुसऱ्याहून बराच मोठा असतो आणि तो मिटताना पाण्याची अशी धार सुटते की तिच्यामागे एक पोकळ बुडबुडा तयार होतो. तो बुडबुडा फुटण्याचा तो आवाज. उष्ण, उथळ समुद्रात जेथे दगड, कालवे आणि खांब आहेत तेथे ती असतेच. फायबरची होडी तबल्याच्या पुडीसारखी असल्यामुळे खालचा प्रत्येक टिचका आत ऐकू येतो.

याखेरीज कधीकधी मध्यरात्रीच्या भरतीला बेडकाच्या डरावासारखा आवाज येतो. ढोमा आणि घोळ यांच्या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून तो काढतात. आता आवाज आला नाही तरच झोपमोड होते.

डॉल्फिन दिसतात का?

दिसतात, पण बोलावल्यावर नाही. मुंबईच्या किनाऱ्यालगत कुबड असलेला डॉल्फिन राहतो. पाठीवरच्या उंचवट्यावर छोटा पंख असतो आणि तो खाडीच्या मुखाशी, उथळ पाण्यातच फिरतो. २०२० च्या टाळेबंदीत मलबार हिलच्या बाजूला ते दिसल्याच्या चित्रफिती सर्वत्र फिरल्या तेव्हा ते परत आले असे लोक म्हणत होते. ते गेले कधीच नव्हते, आपण पाहायचे थांबलो होतो. ही जात जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. इतर काही डॉल्फिन होडीच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकापुढे, खेळायला येतात तसे हे सहसा येत नाहीत, त्यामुळे त्यांचा पाठलाग करून काहीही मिळत नाही. इंजिन बंद करावे, शीड सैल सोडावे आणि ते जवळ आले तर येऊ द्यावे. प्राँग्ज दीपगृहाच्या बाहेर एकदा एक मादी आणि पिल्लू आमच्यापासून दोन होड्यांच्या अंतरावर दहा मिनिटे श्वास घेत होती. श्वासाचा आवाज कुकरच्या शिटीआधीच्या फुस्कार्‍यासारखा, आणि वास मात्र सरळ मासळी बाजाराचा.

कुरवांना गाठिया घातले तर काय बिघडते?

बिघडते. घारापुरीच्या लाँचवर हिवाळी पाहुणे असलेले कुरव (सीगल) हवेत गाठिया झेलतात, छायाचित्रे सुंदर येतात, आणि मासे धरून जगणाऱ्या पक्ष्याच्या पोटात तळलेले बेसन व मीठ जाते. पुढे तो माणसांच्या हाताकडे पाहू लागतो, पाण्याकडे नाही.

रात्री पाणी चमकते ते काय असते?

बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव. थंडीच्या महिन्यांत अरबी समुद्रात तो मोठ्या संख्येने वाढतो आणि पाणी ढवळले की निळसर उजेड देतो. आमच्या बोयाजवळ शहराच्या दिव्यांमुळे तो क्वचितच जाणवतो; खांदेरीच्या दक्षिणेला, अमावास्येच्या आसपास, वल्हे बुडवले की प्रत्येक थेंब उजळतो. मात्र हे वैभव निव्वळ आनंदाचे नाही, कारण त्याची दाट वाढ पाण्यातील प्राणवायू कमी झाल्याची खूणही असू शकते.

जेलीफिश किंवा पाकटाचा दंश झाला तर काय करावे?

जुलै-ऑगस्टमध्ये जुहू, गिरगाव, अक्सा येथे निळ्या फुग्यासारखे जे जीव वाळूवर पडलेले दिसतात ते पोर्तुगीज मॅन ओ’ वॉर. तो खरा जेलीफिश नाही. अनेक जिवांची ती एक वसाहत असते आणि वाळूवर मेल्यावरही तिचे धागे डसतात. धागे चिमट्याने काढावेत, समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चोळू नये, गोडे पाणी ओतू नये. नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४५ अंशांपर्यंतच्या, वीस-तीस मिनिटे तो भाग बुडवून ठेवला की वेदना उतरते. पाकटाचा, म्हणजे शेपटीत विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा, काटा लागला तरीही गरम पाणीच, पण काटा खोल रुतला असेल तर तो न काढता थेट रुग्णालय गाठावे. श्वास लागला, चक्कर आली किंवा सूज चढत गेली तर वाट पाहू नये. २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेकांना पाकटांनी डंख मारले होते, हे लक्षात ठेवून उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावे. पाकट त्या चाहुलीने बाजूला होतो.

पाणी, स्वयंपाक आणि शौचालय यांची सोय कशी असते?

घरात दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे शहरी नियोजनाचे प्रमाण मानतात. आमच्या टाकीत ३०० लिटर मावते आणि दोघांना ते पंधरा दिवस पुरवायचे असते, म्हणजे दिवसाला माणशी दहा लिटर. त्यात आंघोळ, पिणे, स्वयंपाक, भांडी, सगळे आले. ताट आधी कागदाने पुसायचे, मग एका पेल्यात धुवायचे. प्रेशर कुकर हे होडीवरचे सर्वांत मौल्यवान यंत्र आहे: गॅस वाचतो, पाणी वाचते आणि लाट आली तरी सांडत नाही. मटकी मोड आणायला उत्तम, कारण आतल्या उबेत ती रात्रीत फुटते. गॅसबाबत मात्र एकच नियम मोडू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि होडीच्या तळाशी साचतो, तेथून त्याला बाहेर पडायला वाट नाही. म्हणून वापर झाला की सिलिंडरचीच चावी बंद करायची, नुसती शेगडीची नव्हे.

मैल्याची टाकी होडीत असते आणि ती किनाऱ्यावर रिकामी करावी लागते. कंटाळवाणे आहे, पण ज्या पाण्यातून आपण बोंबील विकत घेतो त्यात ते सोडण्याचे समर्थन मला करता येत नाही. प्लास्टिक पाण्यात टाकण्यास तर समुद्रावर कोठेही परवानगी नाही.

स्वतः मासे पकडता का?

क्वचित, गळाने. एरवी पहाटे परतणाऱ्या कोळी बांधवांकडून घेतो. त्यांची डोल ही मुंबईच्या समुद्राची सर्वांत हुशार युक्ती आहे: जाळे मासळीमागे धावत नाही, खुंट्यांना बांधून प्रवाहासमोर तोंड करून थांबते आणि उधाणाचा ओघ बोंबील आत आणून घालतो. संथपणाचा धडा शिकायचा असेल तर तो येथे आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात ताजा बोंबील कोठून आला हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

कायदेशीर परवानगी लागते का?

लागते. होडीची नोंदणी, बोयाची परवानगी आणि रात्री मुक्कामाची पूर्वसूचना या तिन्ही गोष्टी रीतसर हव्यात. बंदराच्या हद्दीनुसार मुंबई बंदर प्राधिकरण किंवा महाराष्ट्र सागरी मंडळ यांच्याकडे लेखी विचारणा करावी. २००८ च्या हल्ल्यानंतर बंदरात गस्त वाढलेली आहे. नौदलाच्या हद्दीजवळ नांगर टाकू नये आणि कागद वरच्या कप्प्यात ठेवावेत.

धोका किती?

रस्त्यावर असतो तितका, फक्त वेगळ्या जातीचा. दोन जहाजवाटांमध्ये उभे राहणे, रात्री नांगराचा पांढरा दिवा न लावणे, जाकीट खाली खोलीत ठेवणे, यांतून बहुतेक अपघात घडतात. व्हीएचएफ रेडिओचा १६ वा चॅनल सतत चालू असावा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा.

आमचा स्वतःचा प्रसंग सांगते. फेब्रुवारीतल्या उधाणाच्या ओहोटीला, वारा पडलेला असताना, इंजिनचा तापमानाचा घंटीवजा इशारा वाजला. इंजिन समुद्राचेच पाणी आत ओढून थंड होते. ते येत नव्हते. प्रवाह आम्हाला मालवाहू जहाजांच्या वाटेकडे नेत होता. नवऱ्याने नांगर सोडला, दोर तीन-चार क्षण नुसता पळत राहिला आणि मग नाळ गचका देऊन फिरली. पाण्याच्या गाळणीचे काचेचे झाकण मी उघडले तेव्हा तिच्यात जेलीफिशचा मुठीएवढा गोळा, वेफर्सच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा आणि त्या तुकड्याखाली लपलेला नखाएवढा जिवंत खेकडा होता. खेकडा प्रथम सोडला. गाळणी धुऊन, झाकण बसवून इंजिन सुरू करायला अकरा मिनिटे लागली. त्या अकरा मिनिटांत आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही.

पावसाळ्यात होडीचे काय करता?

मेच्या अखेरीस, उधाणाच्या भरतीला, ती किनाऱ्यावर ओढून घेतो आणि शाकारतो. नैर्ऋत्य मोसमी वारा सुरू झाल्यावर बोयाला बांधलेली होडी म्हणजे दोरीला बांधलेली चिंता. होडी वर आली की तळ पहिल्यांदाच पूर्ण दिसतो. शेवटच्या महिनाभरात ब्रश फिरलेला नसतो. सुकाणूवर बोटभर जाड थर असतो. उन्हात तो वाळू लागला की वास सुटतो, फटींतले खेकडे पटापट खाली पडून पाण्याच्या दिशेने पळतात आणि वर घारी जमतात. तांडेलकाका खाली ताडपत्री पसरायला लावतात, कारण खरवडलेला रंग पुन्हा चिखलात जाऊ नये, आणि कालवे असलेली शिंपली बाजूला काढून खाडीत टाकतात. बार्नॅकलची कड ब्लेडसारखी असते आणि तिने झालेली जखम चिघळते, म्हणून जाड हातमोज्यांशिवाय कोणीही हात लावायचा नाही. दिवसभर खरवडून झाल्यावर तळावर पांढरी वर्तुळे उरतात, बार्नॅकलच्या बैठकीच्या खुणा. त्या घासूनही पूर्ण जात नाहीत.

होडी नसेल तर यातले काही पाहता येते का?

बरेच काही. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास ओहोटीला हाजी अली, गिरगाव किंवा जुहूच्या खडकांवर जावे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम २०१७ पासून अशा किनारफेऱ्या काढतो आणि दगडाखालच्या समुद्री गोगलगायी, समुद्रफुले, ऑक्टोपस दाखवतो. हाजी अली आणि वरळीला प्रवाळही आहेत; सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० मध्ये त्यातले काही नेव्हीनगरला हलवले गेले. प्रवाळ उचलणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मेलेला तुकडासुद्धा. उचललेला दगड जसा होता तसाच परत ठेवावा.

एक दिवस तुमच्या होडीवर यायचे असेल तर?

जानेवारीतल्या अष्टमी-नवमीला यावे. पाणी मवाळ असते, पहाटे सहाच्या सुमारास भरती पुरी होते आणि मतलई वाऱ्यावर, ओहोटीच्या आधाराने, बाहेर पडता येते. रबरी तळाचे बूट, सुती टोपी आणि आल्याचा तुकडा आणावा. मळमळू लागल्यास मोबाइलकडे नव्हे तर क्षितिजाकडे पाहावे. परत केव्हा पोहोचू हे घरच्यांना नक्की सांगू नये. डबा आणलात तर आनंद आहे, पण वेफर्सचे पाकीट आणू नये.